पहिला सामना छोट्या कॉलेजांचा

कॉलेज बेसबॉल हार्वर्ड-येलसारख्या बड्या नावांनी सुरू केला असणार, असं कुणालाही वाटेल. पण पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्ट आणि विल्यम्स या दोन छोट्या कॉलेजांत झाला: १ जुलै १८५९, पिट्सफील्ड गावी. अ‍ॅमहर्स्ट ७३-३२ ने जिंकलं! आकडा क्रिकेटचा वाटतो, कारण नियमच वेगळे होते. एका बाजूला तेरा खेळाडू, एक गडी बाद की अख्खी बाजू बाद, आणि धावणाऱ्याला चेंडू फेकून मारला की तो आउट. म्हणजे चक्क आबाधुबी. फाउलची (ठरलेल्या रेषांबाहेर गेलेला फटका न धरण्याची) भानगडच नाही, त्यामुळे चेंडू मागे गेला तरी पळायचं.

अ‍ॅमहर्स्टचा चेंडू टाकणारा म्हणजे खरं तर पैसे देऊन आणलेला लोहार आहे, अशी कुजबुज तेव्हा होती. खरंखोटं जाऊ दे, पण बाहेरचा खेळाडू घुसवल्याचा संशय पहिल्याच सामन्यापासून आहे, याची मला गंमत वाटते.

दुसऱ्या दिवशी याच दोन कॉलेजांत बुद्धिबळ झालं. तेही अ‍ॅमहर्स्टनेच जिंकलं.

नऊ-नऊ खेळाडूंचा, आजच्याशी जुळणारा कॉलेज सामना मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये झाला.