कधी पास, कधी फेल : अशी टेस्ट बाजूला सारून रिलीज काढायचा का?

शाहूपुरीकर

आम्ही सात जण मिळून एक छोटी पायथन लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये वापरता येईल असा तयार कोड) सांभाळतो. गावच्या दूध संस्थेतल्या नोंदींवरून दहा दिवसांचं बिल काढते : १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. कोड खुला आहे, बाहेरचेही लोक वापरतात. कोड बरोबर चालतो का हे आपोआप तपासणाऱ्या चारशेच्या आसपास टेस्ट आहेत. त्यातल्या तीन लहरी आहेत, इंग्रजीत ज्यांना फ्लेकी म्हणतात त्या. कोडची एक ओळ बदलत नाही, तरी बिल्ड (कोड जुळवून सगळ्या टेस्ट चालवणं) कधी लाल म्हणजे फेल, कधी हिरवा म्हणजे पास.

गेले तीन रिलीज, म्हणजे लोकांना दिलेल्या नव्या आवृत्त्या, असेच गेले. नोकऱ्या-क्लास उरकून आम्ही उशिरा बसतो, काहीतरी फेल जातं, वैतागून सोडून देतो. सकाळी कुणीतरी परत बटण दाबतं, हिरवा होतो, रिलीज जातो.

आता आमच्यातूनच प्रस्ताव आलाय : टेस्ट फेल गेली तर बिल्डनं आपोआप आणखी दोनदा चालवावी, तिन्हींत एकदा पास झाली की पास धरावं. तरीही अडली तर ती वगळून रिलीज काढावा.

माझा ठाम विरोध आहे. समजा कोडमध्ये खरीच चूक आहे आणि ती पाचातून एकदाच डोकं वर काढते. टेस्ट एकदा चालवली तर सापडायची शक्यता २० टक्के. 'तिन्हींत एक पास पुरे' म्हटलं की ती सापडायला तिन्ही वेळा फेल जायला पाहिजे. ०.२ × ०.२ × ०.२, म्हणजे हजारात ८. चाळणीची भोकं आपणच मोठी करून घेतोय. पावसाळ्यात कोल्हापूरला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर एकदा पातळी ४३ फुटांवर, म्हणजे धोक्याच्या खुणेवर, दिसली आणि परत बघितल्यावर ४२ दिसली, तर नदीकाठचा माणूस कुठला आकडा धरून जनावरं हलवतो? २०१९ चा महापूर बघितलेला माणूस तरी वरचाच धरतो.

उद्यमनगरवाला

प्रस्ताव माझा आहे, त्यामुळं उत्तर मीच देतो.

भावा, नदीचं उदाहरण इथं बसत नाही. नदी खोटं बोलत नाही. टेस्ट माणसानं लिहिलेली असते आणि तीच चुकलेली असू शकते. आमचं मशीन शॉप आहे. गो-नोगो गेज (माप बरोबर आहे का ते बसवून बघायचं साधन) त्याच जॉबवर, म्हणजे घडवलेल्या भागावर, एकदा बसला, एकदा नाही बसला, तर मी आधी गेज पुसतो, मग तपासायला पाठवतो. फौंड्रीला फोन करून भट्टी बंद करा म्हणत नाही.

अपाचे या खुल्या सॉफ्टवेअरच्या संस्थेच्या ५१ प्रकल्पांमधल्या लहरी टेस्टच्या दुरुस्त्यांचा २०१४ चा अभ्यास आहे. जवळपास निम्म्या ठिकाणी कारण एकच निघालं : टेस्ट उत्तराची नीट वाटच बघत नव्हती. आपली सर्व्हरची टेस्ट बघ. अर्धा सेकंद थांबते आणि सर्व्हर उठला असं धरून चालते. मशीनवर लोड असला की मेली. त्यात लायब्ररीचा काय दोष? गूगलनंही २०१६ साली सांगितलं होतं की त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्ट थोड्याफार लहरी आहेत. तिथं पगारी माणसं आहेत. आपण सात जण, तेही झोप मोडून.

आणि हा रिलीज कशासाठी आहे ते तू लिहिलंच नाहीस. फाइल वाचणाऱ्या भागातली सुरक्षेची चूक बुजवायला. ती दुरुस्ती तयार असून लोकांपर्यंत पोचत नाही, याचा हिशेब तुझ्या गणितात कुठंय?

शाहूपुरीकर

सुरक्षेचं लिहायला हवं होतं, मान्य. ती दुरुस्ती मलाही आजच जायला हवी आहे.

पण गेजचं उदाहरण तू अर्ध्यावर सोडलंस. गेज तपासून येईपर्यंत तो लॉट तू पाठवतोस का? बाजूला ठेवतोस. गेज वाकडा की जॉब वाकडा हे कळल्याशिवाय चलन फाडत नाहीस. आपण मात्र तीन वेळा न बघता चलन फाडलंय. निम्म्या टेस्टमध्ये वाट बघण्याची चूक असेल, मग उरलेल्या निम्म्यांचं काय? आपल्या तीन कुठल्या निम्म्यातल्या, हे आपल्याला ठाऊक नाही.

गडहिंग्लजहून

मी डेबियन या लिनक्स सिस्टीमसाठी दोन पॅकेजं सांभाळतो, तिकडची बाजू मांडतो. तिथं सोर्सवरून बिल्ड होतो तो तुमच्या लॅपटॉपवर नाही. वेगवेगळ्या आर्किटेक्चरची, म्हणजे वेगवेगळ्या जातीच्या प्रोसेसरची, मशीनं असतात, काही चांगलीच हळू, आणि बिल्डच्या वेळी बाहेरच्या नेटवर भरवसा ठेवायचा नसतो. अर्ध्या सेकंदाच्या भरवशावरची टेस्ट तिथं टिकत नाही. बिल्ड फेल गेला की त्याचा बग पॅकेज सांभाळणाऱ्याच्या नावावर पडतो. मूळ लेखकानं 'परत चालवा, होतंय' म्हणून सोडलेली टेस्ट मी कितीतरी रात्री सोसलीय. त्यामुळं तुम्ही नुसतं रीट्राय (फेल टेस्ट आपोआप परत चालवणं) लावलंत तर तुमचं काम संपतं, पुढच्याचं सुरू होतं.

ती अर्ध्या सेकंदाची स्लीप, म्हणजे ठरलेला थांबा, काढा. सर्व्हर उठलाय का हे थोड्या थोड्या वेळानं विचारा आणि एकूण मर्यादा तीस सेकंद ठेवा. वेगवान मशीनवर लगेच सुटेल, हळू मशीनवरही मरणार नाही.

कागलकर

मी विद्यापीठात एम.एस्सी.ला आहे, या लायब्ररीत मार्चपासून. दादा, तिन्ही टेस्टना एकच नाव देऊन तुम्ही दोघं भांडताय. मी तिन्ही वेगवेगळ्या धरल्या.

सर्व्हरच्या टेस्टचं वर आलंच आहे. दुसरी टेस्ट एकटी चालवली की पास, पण क्रम उलटसुलट केला की फेल. आधीची एक टेस्ट दराचा तक्ता बदलते आणि परत जागेवर ठेवत नाही.

तिसरी, 'आजची नोंद आजच्याच तारखेला पडते का' ही. दुपारी तीनला मी ती दोनशे वेळा चालवली, दोनशे वेळा पास. रात्री सव्वाबाराला चालवली, सलग फेल. तीन रीट्राय सोडा, तीनशेनंही पास झाली नसती. म्हणजे ती लहरी नाहीच, वेळेला बांधलेली आहे.

कोड बघितला. नोंदीची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवतो आणि तारीखही त्यातूनच काढतो. आपलं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढं. त्यामुळं रात्री १२ ते पहाटे ५:३० पर्यंत यूटीसीची तारीख कालचीच असते. दिवसाच्या चोवीस तासांतले साडेपाच तास, म्हणजे जवळपास २३ टक्के वेळ ही टेस्ट फेल जाणार. आपण रिलीज काढायला बसतो तीच वेळ.

आता हे दूध संस्थेत नेऊन बघा. आमच्या गावात पाचलाच काटा सुरू होतो. ११ तारखेला पहाटे ५:१० ला घातलेलं दूध आपली लायब्ररी १० तारखेला धरते. ते मागच्या बिलात जातं, आणि आदल्या दिवशीचं दूध साडेपाचनंतर आलं असेल तर १० तारखेला एकाच उत्पादकाच्या दोन सकाळ दिसतात. माझी आजी दूध घालते. बिलात दोन लिटर इकडचं तिकडं झालं तर ती सचिवांना विचारायला जाते, आणि सचिव म्हणणार कॉम्प्युटरनंच असं काढलंय.

उद्यमनगरवाला

ताई, ही टेस्ट मी वगळणार होतो. नाव यादीत घालून ठेवलं होतं. चूक माझी, प्रस्तावातला 'वगळून रिलीज काढावा' हा भाग मी मागे घेतो.

पण बाकीचं सोडत नाही. उरलेल्या दोन टेस्टमध्ये दोष टेस्टचाच निघाला, हे तुझ्याच तपासणीत आलंय. त्या दोन्हींसाठी सुरक्षेचा रिलीज अडवणं मला आजही चूक वाटतं. त्या वेगळ्या यादीत टाका, यादीत कुणी काम घेतलंय त्याचं नाव आणि चौदा दिवसांची मुदत लिहा. मुदत संपली की बिल्ड लाल. रीट्राय एकदाच, आणि केला तर रिलीजच्या नोंदीत दिसला पाहिजे.

शाहूपुरीकर

नाव आणि मुदत असेल तर यादीला माझी हरकत नाही. रीट्रायला अजून आहे. परत चालवल्यावर पास झालेली टेस्ट कुणी उघडून बघत नाही, गेल्या तीन रिलीजला आपणच नाही बघितली. हा वाद रविवारी समोरासमोर करू.

तारखेची दुरुस्ती मात्र या रिलीजमध्येच जायला हवी. साठवण यूटीसीतच राहू दे, तारीख काढताना संस्थेचा टाइमझोन लावायचा.

गडहिंग्लजहून

आणि टेस्टमध्ये खरं घड्याळ वापरूच नका. वेळ गोठवून द्या : ११ तारीख पहाटे ५:२९ आणि ५:३१, दोन्ही. मशीनचा टाइमझोन बदलूनही चालवा. रिप्रोड्युसिबल बिल्ड्सवाले (एकाच सोर्समधून दरवेळी तंतोतंत तेच पॅकेज निघतं का बघणारे) एकच पॅकेज टाइमझोन, भाषा, घड्याळ बदलून दोनदा बिल्ड करतात, तिथं असलं पटकन उघडं पडतं.

कागलकर

पॅच (दुरुस्तीचा कोड) टाकलाय, ५:२९ आणि ५:३१ च्या टेस्टसकट. रात्री सव्वाबाराला खऱ्या घड्याळावरही एकदा चालवते.

शाहूपुरीकर

मी जागा आहे. पास झाला की लगेच टॅग, म्हणजे रिलीजची खूण, मारतो.

उद्यमनगरवाला

मी पहाटे पाचला आमच्या वाडीच्या संस्थेत काट्याजवळ असेन. पहिली नोंद कुठल्या तारखेला पडते ते बघून इथंच लिहितो.