संस्थेतून बाहेर पडलेल्यांनो, आकड्यांसकट सांगा

मी शहाद्याची. एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करून २००६ मध्ये धडगावच्या डोंगरात एका स्वयंसेवी संस्थेत लागले. सुरुवात ४,५०० रुपयांवर, सोडलं तेव्हा (२०१९) १४,०००. पगार म्हणायचं नाही हं, मानधन. या शब्दाची गोम मला फार उशिरा कळली. पगार थकला तर भांडता येतं, मानधन थकलं तर समजून घ्यायचं असतं.

तेरा वर्षांत एकदाच, भरल्या बैठकीत विचारलं, "सर, यंदा काही वाढ?" सर हसून म्हणाले, "आपण काय पैशासाठी आलोय का इथं?" सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची अजून लाज वाटते.

काम खोटं होतं असं नाही. सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणीला पाडे पायी पालथे घातले, तो काळ मला कुणी परत दिला तर घेईन. पण नोकरी म्हणून त्याच्याकडे कधी पाहिलंच नाही, ते सलतं. आता शाळेत समुपदेशक आहे, २६,००० मिळतात. तुमचं काय झालं, सोडल्याचा पश्चात्ताप होतो का? आकडे लिहायला लाजू नका. संस्थेचं नाव मात्र कुणी लिहू नका.

अमळनेरकर
आमच्याकडे संस्था म्हटलं की लोक शिक्षणसंस्थाच धरतात. मुलगी पाहायला पारोळ्याला गेलो होतो. मुलीच्या मामांनी विचारलं, मुलगा काय करतो? आबा म्हणाले, "संस्थेत आहे." मामा खुर्ची ओढून पुढे आले. "अनुदानित का विनाअनुदानित?"

आबांना काही कळेना. मी म्हटलं, अनुदान येतं, पण दर वर्षी येईलच असं नाही.

"म्हणजे वीस टक्के अनुदानावर आहे का?"

मग मी पाणलोट, समतल चर, माती बांध असं सगळं समजावून सांगितलं. मामा सासऱ्यांकडे (होऊ न शकलेल्या) वळून म्हणाले, "रोजगार हमीवर आहे." पोहे संपले, विषय संपला.

२०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के सामाजिक कामाला देणं आलं, त्या लाटेत मी नाशिकला एका कंपनीत शिरलो. पगार तिप्पट झाला, लग्नही झालं. फक्त आता टेबलाच्या पलीकडे बसतो. संस्थांची बजेटं माझ्याकडे येतात आणि वरिष्ठांचं बोट दर वेळी पगाराच्या रकान्यावरच थांबतं: "एवढा कशाला?" चर खोदायला पैसे मंजूर होतात, चर मोजणाऱ्या पोराला होत नाहीत. कापतो मीच. त्या पोराच्या जागी आठ वर्षं मी होतो, तरी कापतो.

साक्रीची लेक
मी बचत गट बांधायचे. ७,००० मानधन, एसटीचं भाडं व्हाउचर भरून दोन महिन्यांनी. नवऱ्याचं काम सुटलं तेव्हा बायांना छोटी कर्जं देणाऱ्या एका मायक्रोफायनान्स कंपनीत गेले. १८,००० आणि पेट्रोल. मुलाखतीत त्यांनी एकच विचारलं, किती गावांतल्या बाया तुम्हाला नावानं ओळखतात? मी खुशीत सांगितलं, बेचाळीस.

त्याच बेचाळीस गावांत वसुलीला पाठवलं.

एका ओट्यावर मी पूर्वी बायांना व्याज मोजायला शिकवायचे, चिंचोके मांडून. त्याच ओट्यावर टॅब उघडून बसले होते. हप्ता चुकलेली बाई आलीच नव्हती, तिच्या सासूनं गल्ल्यातली नाणी माझ्यासमोर ओतली आणि म्हणाली, "तू बी का वं, माय?" मी मोजली. २१४ रुपये भरले. पावती दिली.

दीड वर्ष काढलं. आता धुळ्यात पापड-बिबड्यांचा व्यवसाय आहे, महिन्याला बारा-पंधरा हजार सुटतात. तुम्ही संस्था सोडल्याचा पश्चात्ताप विचारताय. मला सोडल्याचा नाही, कुठे गेले त्याचा आहे.

तापीकाठ
मी सोडलं नाही, कामच गेलं. आमची छोटी संस्था मोठ्या संस्थेकडून आलेल्या परदेशी निधीवर चालायची. सप्टेंबर २०२० मध्ये कायदा बदलला, एका संस्थेनं परदेशी पैसा दुसरीला द्यायला बंदी आली. तेव्हा मी ३९ चा. सरकारी भरतीत खुल्या गटाला ३८ ची मर्यादा. म्हणून रावेरला घरच्या केळीत उतरलो. "शेती आहे ना" म्हणणाऱ्यांनी एकदा भाव पडलेला असताना घड कापून बघावा.

घरची बाजू
धागा नवऱ्यानं दाखवला, म्हणून लिहिते. ते संस्थेत, मी दवाखान्यात नर्स. वीस वर्षं घराचा हप्ता माझ्या पगारातून गेला, सत्काराच्या शाली त्यांच्या कपाटात. त्यांना पश्चात्ताप नाही. नसणारच.

आमचूर
मी धडगावचाच, पावरा आदिवासी. तुम्ही सगळे 'सोडलं' लिहिताय. आम्ही कुठून सोडणार, आम्ही राहतोच तिथं.

बाहेरून आलेल्या समन्वयकाला २५,०००, मला ६,०००, कारण माझी बीए अपूर्ण. पाड्यात गेल्यावर पावरीत बोलणार मी, रात्री मराठीत लिहून देणार मी, अहवालावर सही त्यांची. वनहक्काचे दावे भरले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसतो हे दाखवायचं, म्हणजे म्हाताऱ्यांचे जबाब, वनखात्याच्या दंडाच्या जुन्या पावत्या. लोक त्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायचे.

आता माझं सेवा केंद्र आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, तेच कागद. फुकट करायचो तेव्हा लोक म्हणायचे, याला संस्था देते. आता फी घेतो तर नीट नंबर लावून उभे राहतात. २०,००० च्या आसपास पडतात. बीए तेवढं राहिलं, ते मात्र संस्थेच्याच नादात राहिलं.

मोलगी रस्ता
अजून आहे. १७,०००. उद्या बैठक आहे, सगळं वाचून मग लिहितो.

हिशेबनीस, जळगाव
अनेक संस्थांची खाती बघितली आहेत, म्हणून एक कामाचं. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम. शहाद्याच्या ताईंनी सोडलं तेव्हा तिचा १९७२ चा कायदा होता (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली). दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर बऱ्याच संस्थांनाही लागू होता, आणि वर मानधन लिहिलं म्हणून सुटका होतेच असं नाही. शेवटचा पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. शहाद्याच्या ताईंचे १४,००० मूळ पगार धरले तर १३ वर्षांचे १,०५,००० होतात. आधी संस्थेकडे लेखी मागा, नाही दिले तर ग्रॅच्युइटीसाठी नेमलेल्या सरकारी प्राधिकाऱ्याकडे. उशीर झाला असेल तर कारण द्यावं लागेल. नेमणूकपत्र आहे का?

मूळ धागाकर्ती
१,०५,००० वाचून आधी हसू आलं, मग माळ्यावरची ट्रंक काढली. नेमणूकपत्र कधी दिलंच नव्हतं. मासिक बैठकीच्या हजेरीच्या वह्या सापडल्या, अकरा. कार्यालय बदललं तेव्हा रद्दीत चालल्या होत्या, मी उचलून आणल्या होत्या. प्रत्येक महिन्याला माझी सही आहे. चालतील का?

आमचूर
चालतील, ताई. आमच्या दाव्यांना वाळवीनं अर्ध्या खाल्लेल्या पावत्याही लावल्या होत्या. आजच सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा.