लाल समुद्रात जहाज पळवणारे हूथी ‘चाचे’ ठरतात का?

निफाडकर: 19 नोव्हेंबर 2023 ला येमेनमधल्या हूथी या सशस्त्र गटाने हेलिकॉप्टरमधून उतरून ‘गॅलेक्सी लीडर’ हे मालवाहू जहाज पळवलं. पुढच्याच हंगामात नाशिकच्या द्राक्षांचे रीफर (थंड कंटेनर) आफ्रिकेला वळसा घालून रॉटरडॅमला गेले. माझ्या मते ही सरळ चाचेगिरी. 1982 च्या सागरी कायदा कराराचं कलम 105 कुठल्याही देशाच्या युद्धनौकेला चाच्यांचं जहाज खुल्या समुद्रात पकडू देतं. मार्च 2024 मध्ये आपल्या नौदलाने सोमाली चाच्यांनी पळवलेलं ‘रुएन’ जहाज सोडवलं आणि 35 चाचे मुंबईत आणले. मग हूथींना वेगळा न्याय कशाला?

गोदाकाठ: कारण त्याच कराराचं कलम 101. कृत्य ‘खाजगी हेतूने’ झालेलं लागतं. सोमाली टोळ्यांना खंडणी हवी असते, हूथींची मागणी राजकीय. आपल्या 2022 च्या चाचेगिरीविरोधी कायद्यातही तीच अट आहे. बचावाचा वकील पहिल्या तारखेलाच तिच्यावर बोट ठेवेल.

निफाडकर: ‘खाजगी’ म्हणजे कुठल्याही सरकारच्या हुकमाशिवाय, असाही अर्थ लावतात. जपानी व्हेल-शिकारी जहाजांना धडका देणाऱ्या ‘सी शेफर्ड’ संघटनेला अमेरिकेच्या अपील कोर्टाने 2013 मध्ये चाचे ठरवलं. त्यांना कुठे पैसा हवा होता?

गोदाकाठ: एका देशाचं कोर्ट ते! शिवाय ‘सी शेफर्ड’ राजधानी ताब्यात ठेवून कारभार करत नव्हते. येमेनची राजधानी सना कोणाच्या हातात आहे? हूथींच्याच.

दर्यावर्दी: चाचेगिरी सिद्ध न करताही गलबत थांबवता येतं. त्याच कराराचं कलम 110 बघा: ध्वजच नसेल, म्हणजे जहाज कुठल्याच देशाचं नसेल, तर युद्धनौका तपासणी करू शकते. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेने सोमालियाजवळ क्षेपणास्त्रांचे भाग नेणारं गलबत असंच धरलं. आधी रेडिओवर ध्वज आणि नोंदणी विचारायची, मग अधिकाऱ्याबरोबर होडी पाठवून कागद बघायचे, तरी संशय उरला तरच झडती. संशय खोटा ठरला आणि त्या जहाजाने संशय यावा असं काही केलं नसेल, तर भरपाई द्यावी लागते. सगळ्यात जास्त घोळ किनाऱ्याजवळ होतो. गलबत येमेनच्या किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांत, म्हणजे त्याच्या प्रादेशिक समुद्रात शिरलं की या कलमाचा आधार संपला.

निफाडकर: म्हणजे किनारा धरून चालणारा सुटला. शाब्बास!

पिंपळगाव एक्स्पोर्ट: निर्यातदाराने आपली पॉलिसी काढून बघावी. ‘इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ए’ या माल-विम्याच्या अटींमध्ये जप्ती आणि अडकवणूक वगळलेली असते, चाचेगिरी मात्र वगळलेली नसते. म्हणून विमा कंपनी गोदाकाठांचीच बाजू घेणार: ही चाचेगिरी नाही, जप्ती आहे, भरपाई नाही. वॉर रिस्क कव्हर (युद्धाच्या धोक्याचा विमा) वेगळं घ्या. आणि वळशामुळे माल उशिरा पोचून द्राक्षांचे मणी गळाले, तर उशिराचं नुकसान दोन्हींत बसत नाही.