"भांडी उचलायला पाठवायचं का मुलीला?" या पोस्टला उत्तर (लांबलंय, चहा घेऊन बसा)

रात्रपाळीवाली
परवा इथे यूकेतल्या एका काकूंची पोस्ट होती, सुटली असेल तर थोडक्यात सांगते. मुलगी बायोमेडिकल सायन्समध्ये फर्स्ट घेऊन पास झाली, आता ग्रॅज्युएट एन्ट्रीने (म्हणजे पदवीनंतरच्या प्रवेशाने) चार वर्षांच्या मेडिसिनला अर्ज करायचाय, आणि जो तो सांगतोय आधी वॉर्डात नाहीतर केअर होममध्ये एचसीए (हेल्थकेअर असिस्टंट) म्हणून काम कर. त्यावर काकू लिहितात, "लोकांची भांडी उचलायला पाठवायचं का मुलीला? यासाठी आलो का आपण या देशात? कुणाच्या ओळखीत कन्सल्टंट (सीनियर स्पेशालिस्ट डॉक्टर) असेल तर आठवडाभर त्यांच्यामागे उभं राहायची सोय करा, फॉर्मपुरतं." आणि खाली ही रांग, मेसेज केलाय, माझे मिस्टर ऑर्थोमध्ये आहेत विचारते, अमुक तमुक. एकालाही यात काही खटकलं नाही?

मी ग्रॅज्युएट एन्ट्रीच्याच दुसऱ्या वर्षाला आहे. त्याआधी मिडलंड्समधल्या एका हॉस्पिटलात वयस्कर पेशंटांच्या वॉर्डात एचसीए होते, जास्त करून नाइट्स. तर आधी भांड्यांचा, म्हणजे शौचाच्या बेडपॅनचा, विषय संपवू. इथे बेडपॅन कुणी घासत नाही हो. कागदाच्या लगद्याचा असतो, अंड्यांच्या ट्रेसारखा, वापरून झाला की अख्खा मॅसरेटरमध्ये टाकायचा, झाकण लावायचं, बटण दाबायचं, की गेला चुरा होऊन. पण टाकायच्या आधी बघायचं असतं. रंग काय, रक्त आहे का, पातळ की घट्ट, आणि ब्रिस्टल चार्टवर (शौचाच्या प्रकारांचा तक्ता) १ ते ७ मधला आकडा लिहायचा. सकाळी राउंडला रजिस्ट्रार डॉक्टर येतो तेव्हा तो चार्ट बघूनच ठरतं की सँपल पाठवायचं का, पेशंटला साइड रूममध्ये हलवायचं का. तो आकडा लिहिणारी व्यक्ती म्हणजे तुमची "भांडी उचलणारी".

तेच श्वासांचं. बीपी, पल्स, ऑक्सिजन मशीन सांगतं, श्वास आपल्याला मोजावे लागतात, घड्याळ बघत, पूर्ण मिनिट, पेशंटला कळू न देता. कंटाळा आला की लोक सरळ १६, म्हणजे नॉर्मल आकडा, ठोकून देतात. एका आजोबांचे मी खरंच मोजले, २६ आले, न्यूज स्कोअर (तब्येत किती बिघडतेय ते सांगणारा आकडा) चढला आणि रात्री तीनला डॉक्टरला यावं लागलं. आता मी स्वतः कुठलाही चार्ट उघडला आणि ओळीने १६, १६, १६ दिसले की माझा विश्वास उडतो. हे मला कुठल्या लेक्चरने नाही शिकवलं.

आणि कन्सल्टंटच्या मागे उभं राहून काय दिसतं? कन्सल्टंटची पाठ. राउंड पुढच्या बेडला सरकला की आजी हळूच विचारतात, काय म्हणाला गं तो? तेव्हा तिथे कोण असतं ते सांगा.

सगळ्यात राग कशाचा आला तर ओळखीचा. माझे बाबा वेअरहाउसमध्ये. मला कुठला ऑर्थोवाला काका? एचसीएची नोकरी अर्ज करून मिळाली, वर पगार मिळाला, पहिल्या वर्षाच्या फीतले जे ३,४६५ पाउंड आपल्या खिशातून भरावे लागले ते त्यातूनच भरले. वॉरिक युनिव्हर्सिटी मागते काय, तर गेल्या तीन वर्षांतले किमान ७० तास, दोन वेगवेगळ्या ठिकाणचे. हे कुणालाही जमतं. ओळख नाही लागत.

मिल्टनकर
ताई, तुम्ही लागलात म्हणून हे सगळं गोड वाटतंय. माझ्या मुलाने हेच केलं, अगदी हेच, नाइट्स आणि लाँग डेज, बँकेच्या शिफ्ट्स (हॉस्पिटलची स्टाफ बँक, लागेल तेव्हा बोलावतात), आणि त्या झोपेच्या खोबऱ्यात यूकॅट (मेडिसिनची प्रवेश परीक्षा) दिली, मार्क कमी पडले, चारच्या चार ठिकाणी इंटरव्ह्यूला सुद्धा बोलावलं नाही. म्हणजे त्याच्या अनुभवाचं एक अक्षर कुणी वाचलंच नाही. त्याच्याच फ्लॅटवरचा मुलगा, त्याने ऑब्झर्व्ह जीपीचे (फॅमिली डॉक्टरचं काम दाखवणारे) फुकट व्हिडिओ बघितले, ब्रायटनच्या मेडिकल स्कूलवाल्यांचा ऑनलाइन वर्क एक्स्पिरियन्स केला, थोडं व्हॉलंटियरिंग, आणि उरलेला सगळा वेळ यूकॅट. तो आत. आता सांगा.

बऱ्याच मेडिकल स्कूलमध्ये पर्सनल स्टेटमेंटला (अर्जात स्वतःबद्दल लिहायचं ते) मार्क नसतात. चाळणी यूकॅटची, काही ठिकाणी गॅमसॅट या दुसऱ्या परीक्षेची. हे सत्य कुणी मुलांना सांगत नाही, सगळे आपले "सेवा करा, मेवा मिळेल". बँड टूचा, म्हणजे एचसीएचा, पगार किमान वेतनाच्या जेमतेम वर. तेवीस-चोविसाव्या वर्षी ते करायचं, मग चार वर्षं, मग फाउंडेशनची (नव्या डॉक्टरांच्या ट्रेनिंगची) दोन. घर कधी घेणार?

आणि ते अनुभवावरचं रिफ्लेक्शन! त्याचे पण क्लास निघालेत. काय पाहिलं, काय वाटलं, काय शिकलो, तीन वाक्यांत बसवून देतात, पैसे मोजा.

रात्रपाळीवाली
क्लासवाल्यांबद्दल सहमत. पण इंटरव्ह्यूला समोरचा दुसरा प्रश्न विचारतो ना, मग काय केलंस, आणि नर्स काय म्हणाली, तिथे पाठ केलेलं संपतं. माझ्या एमएमआयमध्ये (अनेक छोट्या टप्प्यांचा इंटरव्ह्यू, टप्प्याला स्टेशन म्हणतात) एका स्टेशनला एक बाई चिडलेल्या नातेवाइकाची भूमिका करत होत्या. मला तर घरी आल्यासारखं वाटलं, असे खरे इतके भेटले होते.

मिल्टनकर
इंटरव्ह्यूपर्यंत पोचलं तर ना!!

नेहाचीआई
मीच ती "काकू". वय ४६ आहे माझं, नोंद घ्या.

बेडपॅन घासत नाहीत हे वाचून बरं वाटलं, खरंच माहीत नव्हतं. पण इतकं लिहिलंत तर माझंही ऐका. माझी आई आमच्या जिल्ह्याच्या सिव्हिलला मावशी होती. ती घासायची. ॲल्युमिनियमची, फिनेलच्या पाण्यात, हातमोजे कधी असायचे कधी नसायचे. नोकरीभर तिला कुणी नावाने हाक मारली नाही, "ए मावशी, भांडं" एवढंच. घरी आली की आधी न्हाणीत जायची, मग आम्हाला हात लावायची. तिने मला शिकवलं ते यातून सुटायला, आणि आता नातीने उच्चशिक्षण घेऊन परत तिथेच? तुम्हाला ते अनुभव वाटतं, आमच्याकडे ते नशीब होतं. हा फरक तुमच्या लक्षात येणार नाही. आणि ओळखीचं म्हणाल तर आयुष्यात पहिल्यांदा आमच्याकडे मागण्यासारखी ओळख आली, तर तीही आम्ही वापरायची नाही?

चहाबाज
च्यायला. मी पॉपकॉर्न घेऊन आलो होतो, ठेवून दिले.

डॉ_घाटावरचा
मावशींबद्दल आदर आहेच, पण मूळ मुद्द्यावर या. हे सगळं थोतांड आहे. आपल्याकडे बारावी, एंट्रन्स, मार्क पडले की अठराव्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये उभे. कुणी विचारलं नाही "तुम्ही एखाद्या आजीला चमच्याने भरवलंत का". आम्ही वाईट डॉक्टर झालो का? आजही नीटच्या ७२० मार्कांत सेवाभावाला एक मार्क नाही, आणि तरी जगभर आपलेच डॉक्टर. साडेचार वर्षं एमबीबीएस आणि एक वर्ष इंटर्नशिप. तिथे सरकारी हॉस्पिटलात मी स्ट्रेचर ढकललेत, ब्लड बँकेत धावलोय, दोन बेडच्या मध्ये फ्लोअरवर झोपलेल्या पेशंटला गुडघ्यावर बसून सलाइन लावलंय. इथली मुलं ७० तासांचं काय कौतुक सांगतात.

सिस्टर_लीड्स
डॉक्टरसाहेब, स्ट्रेचर ढकललंत, मान्य. भांडं दिलंत का कधी? स्वतःच्या हाताने, एकदा तरी? मी पण महाराष्ट्रातल्या सरकारी हॉस्पिटलात काम करूनच आलेय, मला गोष्टी नका सांगू. इंटर्न लोक ओरडायचे, मावशीला बोलवा, मामाला बोलवा. मावशी नसेल तर नातेवाइकाला. नातेवाईक नसेल तर पेशंट तसाच. ओल्या चादरीत. आणि "जगभर आपलेच डॉक्टर" म्हणता, इथे येऊन पहिले काही महिने आपले डॉक्टर एचसीएशी कसे बोलतात ते मी रोज ऐकते. "समबडी क्लीन हिम." समबडी म्हणजे कोण हो?

डॉ_घाटावरचा
सिस्टर, तुम्ही इथल्या सहा बेडच्या खोलीत उभं राहून तिकडच्या वॉर्डाला नावं ठेवताय. रात्री अख्ख्या वॉर्डाला एक सिस्टर, एक मावशी, आणि ॲडमिशन थांबत नाहीत. भांडं देत बसलो असतो तर पलीकडचा पेशंट गेला असता. माणुसकी नव्हती असं नाही, माणसं नव्हती.

सिस्टर_लीड्स
माणसं नव्हती हे खरं. म्हणून जो आहे त्याच्यावर ओरडायचं? नेहाच्या आईंचा प्रतिसाद परत वाचा. त्यांच्या आईंना नावाने हाक मारायला किती स्टाफ लागला असता?

डॉ_घाटावरचा
ठीक आहे. नाही दिलं. कधीच नाही दिलं. आणि आमच्या युनिटच्या मावशींचं नाव मला आजही माहीत नाही. झालं समाधान? आता मला हे सांगा की केअर होममध्ये राबल्याने माणूस सुधारतोच याचा पुरावा काय. मी इथे एचसीएपासून कन्सल्टंटपर्यंत सगळ्या थरांत खडूस लोक पाहिलेत.

प्लॅबपास_बेकार
७० तासांवरून रडताय? माझ्याकडे एमबीबीएस, इंटर्नशिप, प्लॅब एक, प्लॅब दोन (बाहेरच्या डॉक्टरांसाठीची इथली परीक्षा), जीएमसी (इथल्या मेडिकल कौन्सिलचं) रजिस्ट्रेशन सगळं आहे आणि मी पदरचे पैसे भरून क्लिनिकल अटॅचमेंट करतोय. म्हणजे काय, तर तेच, कन्सल्टंटची पाठ बघणं. फक्त मी त्याचे पैसे देतो. २०२५ ला स्पेशालिटी ट्रेनिंगच्या साधारण दहा हजार जागांना तीस हजारांवर उमेदवार होते. आधी विचारा पुढे नोकरी आहे का, मग भांड्यांवर भांडा.

मिल्टनकर
हेच! हेच मी घरी सांगतोय. घर कधी घेणार!

रात्रपाळीवाली
मिल्टनकर, तुमच्या प्रत्येक प्रतिसादात घर येतंच.

नेहाच्या आई, काकू म्हटल्याबद्दल सॉरी. तुमच्या आईंचं वाचून वरचं "भांडी उचलणारी" वाक्य खोडावंसं वाटलं, पण ठेवते, कारण माझा मुद्दा तोच आहे. तिकडे ते काम एकाच्या गळ्यात बांधलेलं असतं आणि बाकीचे बघत नाहीत. इथे निदान अर्ज करणाऱ्याला म्हणतात, आधी ये आणि बघ. ओळखीबद्दल मात्र माझं मत बदलत नाही. तुम्हाला पहिल्यांदा मिळाली, पटतं, पण ती रांग तुमच्यासारख्यांसाठी नव्हती, वर्षानुवर्षं डॉक्टरांच्याच मुलांसाठी होती.

नेहाचीआई
रांगेत पुढे नंबर आला की लोक म्हणतात रांगच चुकीची आहे. असो.

सिस्टर_लीड्स
पुरावा मागितलात ना डॉक्टर, पुरावा नाही, किस्सा आहे. आमच्याकडे एक मुलगा आला, मेडिसिनलाच जायचं होतं, यूकॅट म्हणे भन्नाट. पहिल्या दिवशी एका आजोबांना कुशीवर वळवायचं होतं, स्लाइड शीट (सरकवायची चादर) घालून, दोघांनी मिळून, टाचेवर फोड होता तो बघायचा होता. त्याने चादर उचलली, वास आला, तो बाजूला झाला. जेवायला गेला तो परत आलाच नाही. मला त्याचा राग नाही आला उलट वाटलं, बरं झालं, चार वर्षं आणि एवढं कर्ज होण्याआधी कळलं. माणूस सुधारतो का माहीत नाही, पण त्याला स्वतःबद्दल कळतं.

डॉ_घाटावरचा
आणि तो मुलगा रेडिओलॉजीत उत्तम झाला असता तर? एका चादरीवरून करिअर ठरवलंत.

सिस्टर_लीड्स
रेडिओलॉजिस्ट व्हायला आधी फाउंडेशनची दोन वर्षं वॉर्डातच काढावी लागतात डॉक्टर. तिथे चादरी असतात.

नवखा_पुणेकर
मधेच विचारतो, सॉरी. मी पुण्यात बीएस्सी केलंय, नीट दोनदा हुकली. केअर वर्कर व्हिसावर येऊन अनुभव घेऊन ग्रॅज्युएट एन्ट्रीला अर्ज करता येईल का? एजंट म्हणतोय होतं.

रात्रपाळीवाली
एजंटला पैसे दिले नसशील तर देऊ नकोस. बाहेरून केअर वर्कर आणायचं २२ जुलै २०२५ पासून बंद झालंय. आणि ग्रॅज्युएट एन्ट्रीच्या बऱ्याच जागा फक्त होम स्टुडंटना, म्हणजे इथल्याच मुलांना, असतात, अर्ज करायच्या आधी एकेका कोर्सचं पान उघडून बघ. नीटला वयाची वरची अट नाही, तिकडचा दरवाजा बंद झालेला नाही.

प्लॅबपास_बेकार
आणि आलास तर माझ्याकडे ये, मी पण उभाच आहे.

नेहाचीआई
अपडेट देते, नाहीतर परत कुणीतरी वेगळा धागा काढेल. नेहाने मला न विचारता हॉस्पिटलच्या बँकेत अर्ज केलाय. मला कसं कळलं, तर डीबीएसच्या (गुन्ह्यांची नोंद तपासतात त्या) फॉर्मला मागच्या पाच वर्षांचे सगळे पत्ते लागतात आणि स्लाउच्या जुन्या घराचा पोस्टकोड तिला आठवेना, म्हणून फोन. मी म्हटलं आजीला सांगितलंस का? तर म्हणे आजीला विचारूनच भरला. आजी काय म्हणाली तर "मोजे देतात ना गं?" मग माझा विषय संपला. ऑर्थोवाल्या वहिनींना अजून नाही म्हटलेलं नाही, दोन वेगवेगळी ठिकाणं लागतात म्हणता ना, मग एक तुमचं एक माझं.

रात्रपाळीवाली
हे बाकी भारी केलंत :) दोन्ही लिहू दे तिला. यूकासचं (युनिव्हर्सिटीचे अर्ज घेणारी संस्था) नवीन स्टेटमेंट तीन प्रश्नांचं आहे, तिसरा शिक्षणाबाहेर काय तयारी केली याचाच, तिथे दोन्हीतला फरक लिहिला तर छानच. हेपेटायटिस बीच्या डोसांची नोंद शोधून ठेवा, ऑक्युपेशनल हेल्थवाले (स्टाफची तब्येत तपासणारे) त्यावरच अडवतात.

मिल्टनकर
यूकॅटचं काय? बुकिंग केलं का? पंधरा ऑक्टोबर, अर्जाची शेवटची तारीख, कधी येतो कळत नाही.

रात्रपाळीवाली
परीक्षेच्या आधीच्या महिन्यात नाइट्स घेऊ नको म्हणावं, दिवसाच्या शिफ्ट घे, त्याही मोजक्या. मिल्टनकरांचं एवढं एक बरोबर आहे, बाकी काही नाही.

मिल्टनकर
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.