हिऱ्याची उपमा पुरे, साष्टीचंही बोला

रायतूरकर: मराठी दिनाला फिरलेली पोस्ट वाचली: 'फादर स्टीफन्सनं मराठीला हिरा म्हटलं, म्हणजे गोव्यात मिशनऱ्यांनी आपल्या धर्माशी प्रेमानं संवाद केला.' असं लिहवतं तरी कसं? तो इंग्रज मिशनरी १५७९ ला गोव्यात उतरला. गोव्याच्या साष्टी भागातली देवळं पोर्तुगीजांनी १५६७ लाच पाडली होती. त्यानं ख्रिस्ताच्या कथेवर मराठी ओव्यांत रचलेल्या 'क्रिस्तपुराणा'च्या सुरुवातीलाच बाटलेला माणूस पाद्रीला विचारतो, जुनी पुराणं बंद केलीत, मग दुसरी का देत नाही? आधी पोथ्या हिसकावल्या, मग रिकाम्या हातात नवी दिली. हा संवाद नव्हे.

ओवीवेडा: पाडापाडीचा हिशेब स्टीफन्सच्या नावे कशाला? १०,९६२ ओव्या आहेत त्या. रत्नकिळा, निळा, चोखळा अशी तीन चरणांची यमकं, आणि चौथा आखूड, मोकळा: 'भासा मराठी'. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. कान लावून ऐकल्याशिवाय हे साधत नाही.

खिळेजुळारी: आणि छापलं रोमनमध्ये! मराठी ग्रंथ १६१६ साली साष्टीतल्या रायतूरला रोमन लिपीत निघाला, याबद्दल कुणीच का बोलत नाही? ळ साठी दोन एल, 'कि' साठी क्यू-यू-आय. देवनागरीला वाटच दिली नाही.

ओवीवेडा: माहिती अर्धी आहे तुमची. देवनागरीत छापू द्या असं त्यानंच १६०८ च्या पत्रात रोमला लिहिलं. अडचण छपाईच्या खिळ्यांच्या साच्यांची होती. काना, मात्रा, जोडाक्षरं धरून ६०० साचे लागत. युरोपात २४ वर भागायचं. २०० वर आणता येतील असंही त्यानं सुचवलं होतं.

खिळेजुळारी: पत्राचं मान्य. पण ग्रंथ रोमनमध्येच निघाला ना? आणि पोर्तुगालहून आलेल्या पाद्रीला वाचायला रोमनच सोयीची, हे कारणही सांगा. लंडनच्या मार्सडेन संग्रहातली देवनागरी प्रत हस्तलिखितच आहे.

रायतूरकर: खिळ्यांवरून पुन्हा मूळ मुद्द्यावर या! १५८३ ला साष्टीतल्या कुंकळ्ळीत पाच जेझुइट पाद्री मारले गेले, त्यांची नावं सगळे घेतात. त्यानंतर गावकरांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात नेऊन मारलं, ते कोण सांगणार?

ओवीवेडा: कुंकळ्ळीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण पोर्तुगीज सरकारचा १६८४ चा हुकूमही वाचा: लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. स्टीफन्सनं ज्या भाषेत पुराण रचलं, तिच्यासकट इथल्या बोलींवर त्याच्याच धर्माच्या सरकारनं घाला घातला. त्याला आणि त्या सरकारला एकाच मापानं मोजणं मला मंजूर नाही.

रायतूरकर: कवी म्हणून मोठा, एवढं देतो. प्रेमाचा संवाद मात्र म्हणू नका.