टीक्यूपी ग्रँट: आधी मॅचिंगचं बघा

ग्रँटच्या अर्जात नॅरेटिव्ह (प्रकल्पाचं लेखी वर्णन) दमदार लिहिलं की अर्धं काम झालं असं म्हणतात, पण मला नाही पटत. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या टीक्यूपी म्हणजे टीचर क्वालिटी पार्टनरशिप ग्रँटमध्ये (शिक्षक तयार करायची ती) १०० टक्के मॅचिंग लागतं, म्हणजे ते जेवढे देणार तेवढेच तुम्ही दाखवायचे, रोख नाहीतर वस्तू-वेळेच्या रूपात, सीडला (शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठीची त्याच खात्याची दुसरी ग्रँट) निदान २५ टक्क्यांवर भागतं. मेंटर टीचरचा वेळ, वर्ग-जागा वगैरे धरता येतं पण त्या टीचरचा पगार आधीच फेडरल (केंद्र सरकारच्या) पैशातून होत असेल तर ते मॅच म्हणून नाही चालत, आमच्या घोड्यानं पहिल्या वेळी इथंच पेंड खाल्ली आणि डेडलाइनला चार दिवस राहिले असताना सगळं बजेट परत मांडत बसलो 😅

आणि ओव्हरहेड (ऑफिस, वीज वगैरे वरखर्च) युनिव्हर्सिटीच्या नेहमीच्या रेटने लावू नका, अशा ट्रेनिंग ग्रँटला ८ टक्क्यांचं लिमिट आहे. सॅमचं (फेडरल ग्रँटसाठी लागणारी सरकारी नोंदणी साइट) रजिस्ट्रेशन दरवर्षी रिन्यू करावं लागतं, ते आजच चेक करा. भागीदार स्कूल डिस्ट्रिक्टच्या (तिथल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) सहीची पत्रंही लवकर मागा, तिकडे सुट्ट्या लागल्या की कुणी फोन उचलत नाही.

बाकी फेब्रुवारी २०२५ मध्ये टीक्यूपी-सीडच्या चालू ग्रँट्सही मधेच रद्द झाल्या होत्या, त्यामुळे ग्रँटच्या भरवशावर आधीच माणसं घेऊन ठेवू नका.