फ्रूट बेगल घरी जमत नाहीयेत, तीनदा चपटे झाले आणि चौथ्यांदा पीठच पातळ झालं

मुलुंडचा_बाबा
नमस्कार मंडळी, इथे घरी ब्रेड करणारे बरेच जण आहात म्हणून विचारतोय. माझ्या दोन्ही मुलांची शाळेची बस ६:५० ला येते आणि एवढ्या सकाळी पोहे उपमा त्यांच्या घशाखाली उतरत नाही, दूध पिऊन पळतात. मागच्या महिन्यात ऑफिसात एकीने दालचिनी-बेदाण्याचे बेगल (मधे भोक असलेले गोल, चिवट पाव) आणले होते त्यातले दोन घरी आणले तर दोघांनी भांडून खाल्ले, तेव्हापासून डोक्यात घेतलंय की हे घरी करायचे.

माझं प्रमाण असं: मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३२५ ग्रॅम, यीस्टचं ७ ग्रॅमचं अख्खं पाकीट, साखर ३ चमचे, मीठ, आणि वाटीभर बेदाणे भिजवून. रात्री १० ला मळतो, गोल वळून ताटात ओल्या फडक्याखाली ओट्यावर ठेवतो, ५ ला उठून उकळतो आणि ओटीजीत (छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये) टाकतो. सकाळी बघावं तर भोकं बुजलेली, एकमेकांना चिकटलेले, उचलायला गेलं की हवा जाते, आणि पाण्यातून काढले की म्हाताऱ्या माणसाच्या हातासारख्या सुरकुत्या. चव बरी असते पण बेगल नाही वाटत, चपटा गोड पाव वाटतो.

चौथ्यांदा मुलीने अननस सांगितला म्हणून पाण्याऐवजी थोडा ताज्या अननसाचा गर घातला. पहिली पाचेक मिनिटं गोळा छान होता, मग हाताला चिकटायला लागला, मग अजून मैदा घातला तरी सैल, पंधरा मिनिटांनी परातीत अक्षरशः डोशाचं पीठ. हे का झालं ते मला अजून कळलेलं नाही. आणि आता आंब्याचे दिवस आहेत तर हापूस घालून जमेल का? प्लीज सविस्तर सांगा, मला शाळा सुटायच्या आत हे जमवायचंच आहे.

पाववाली_पार्ले
दादा, आधी अननसाचं सांगते कारण त्यात तुमची काहीच चूक नाही. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रोटीन तोडतं. मैद्याला जो ताण येतो तो ग्लुटेनचा, म्हणजे प्रोटीनच, ते तुम्ही मळत होतात आणि अननस ते तोडत होता. दह्यात ताजा अननस घालून ठेवला की कडवट होतं ना, कारण तेच. पपई आणि किवीचंही असंच. पण शिजवलं की हे एन्झाइम मरतं, म्हणून अननसाचा शिरा बिघडत नाही. मुलीला अननसच हवा असेल तर फोडी साखरेत चांगल्या आटवून, पाणी पूर्ण सुकवून, गार करून घाला, बिनधास्त.

आता चपट्या बेगलचं. ३२५ पाणी हे पावाचं प्रमाण झालं, बेगलचं नाही. बेगलचं पीठ घट्टच लागतं, पुरीच्या पिठासारखं, मळताना मनगटं दुखली पाहिजेत. ५०० मैद्याला २७५ ते २८० पाणी, बास. आणि वरून भिजवलेल्या बेदाण्यांचं पाणी तुम्ही धरलेलंच नाही, ते मळताना फुटतात आणि सगळा रस पिठात जातो.

दुसरं, मे महिन्यात मुंबईत रात्रभर ओट्यावर? किचनमध्ये रात्री पण ३० डिग्री असतं, तेवढ्या यीस्टला दीड तास पुष्कळ होतो, तुम्ही सात तास देताय. पीठ फुगून फुगून दमलेलं असतं, मग पाण्यात पडलं की बसतं. त्या सुरकुत्या त्याच्याच. म्हणून वळून झाले की पंधरा-वीस मिनिटांत सरळ फ्रीजमध्ये, रात्रभर तिथेच. थंडीत यीस्ट हळू चालतं आणि चव उलट वाढते. यीस्ट पण ३ ते ४ ग्रॅमच घ्या, आणि मळायला फ्रीजचं गार पाणी, कारण आपल्या नळाचं पाणीच या दिवसात कोमट येतं.

माझं प्रमाण: मैदा ५०० ग्रॅम, व्हाइटल व्हीट ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं वेगळं काढलेलं ग्लुटेन, २० ग्रॅम (क्रॉफर्ड मार्केटला बेकिंगच्या दुकानात सुटं मिळतं), पाणी २८५ कारण ग्लुटेन थोडं पाणी पितं, मीठ १० ग्रॅम, यीस्ट ४ ग्रॅम, काकवी २० ग्रॅम. हे १०-१२ मिनिटं मळायचं, गुळगुळीत झालं की शेवटच्या दोन मिनिटांत १०० ते १२० ग्रॅम फळ. बेदाणे कोमट पाण्यात फक्त दहा मिनिटं, मग निथळून फडक्यावर पसरून कोरडे करायचे. अगदी सुके घातले तर पिठातलं पाणी ओढतात, ओले घातले तर पीठ सैल करतात. दालचिनी एक चमच्याच्या वर नको, ती यीस्टला मंद करते, मी तर ती फळासोबतच शेवटी घालते.

वळताना जो बेदाणा बाहेर डोकावतो तो बोटाने आत ढकला, बाहेरचा बेदाणा ओव्हनमध्ये जळून कडू होतो. भोक मोठं ठेवा, दोन बोटं आरामात फिरली पाहिजेत, फुगल्यावर ते निम्मं होतं.

चौकोनी_चपाती
मस्त धागा. पण उकळायचंच कशाला, नुसतं बेक केलं तर काय बिघडतं? मी तीच स्टेप गाळायच्या विचारात होते.

पाववाली_पार्ले
@चौकोनी_चपाती, ती गाळली तर गोल पाव होईल, बेगल नाही. गरम पाण्यात वरच्या थरातला स्टार्च शिजतो आणि त्याची कातडी बनते, खिरीवर साय धरते तशी. त्या कातडीमुळे ओव्हनमध्ये बेगल पावासारखा मोकळा फुगत नाही, आतून दाट चिवट राहतो आणि वरून चमकतो. पोलंडच्या ज्यू लोकांचा हा पदार्थ, क्राकोमध्ये १६१० साली लिहिलेल्या नियमांत त्याचा उल्लेख आहे. पाण्यात बाहेर लोक बार्ली माल्ट सिरप घालतात, माँट्रियलचे मध घालतात. मी काकवी घालते, दीड-दोन लिटरला दोन टेबलस्पून. रंग असा येतो की बघत राहावं. पाणी खळाखळा नको, बारीक बुडबुडे येत राहिले की झालं, फळाचे बेगल एका बाजूला ३० सेकंद, उलटून परत ३० सेकंद, पुऱ्यांच्या झाऱ्यानेच काढा.

चौलचा_पाहुणा
थोडं अवांतर, ज्यू म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्या अलिबागकडचे बेने इस्राएली मराठीच बोलतात, तेलाचा धंदा आणि शनिवारची सुट्टी म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे. पण त्यांच्यात बेगल वगैरे नाही, त्यांचा मलिदा असतो, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि वर फळांच्या फोडी. लहानपणी शेजारच्या घरून ताट यायचं, त्या पोह्यांना जो वास असायचा तो मला अजून आठवतो. मुलांना सकाळी पोहे नको असतील तर हे पण देऊन बघा, चुलीचं कामच नाही.

गिरगावची_माई
अरे हापूसचा रस पिठात घालू नकोस, एवढा महागाचा आंबा आणि ओव्हनमधून निघाला की त्याचा वास कुठल्या कुठे. पाणीही वाढतं. त्यापेक्षा कोकणातली आंबापोळी आण, साठं म्हणतो आम्ही, कात्रीने बेदाण्याएवढे तुकडे करून तेच घाल. चावलं की मधेच आंबा लागतो. फक्त तुकडा बाहेर राहू देऊ नकोस, साखर असते त्यात, काळा पडतो. रस वरून खायला ठेव: दही रात्री फडक्यात टांगायचं, सकाळी चक्का होतो, त्यात दोन चमचे आमरस आणि चिमूटभर मीठ. बाजारच्या क्रीम चीजची गरज नाही, माझी नातवंडं वाटी चाटून ठेवतात.

साडेपाचचा_गजर
माझं मत थोडं वेगळं आहे. ते ग्लुटेन विकत आणायची गरज नाही, मी दोन वर्षं साध्या मैद्याचे करतोय. अर्धवट मळून झाकून वीस मिनिटं ठेवायचं आणि मग परत मळायचं, ताण आपोआप येतो. आपल्या मैद्यात प्रोटीन बाहेरच्या ब्रेड फ्लोअरपेक्षा कमी असतं हे खरंय, त्यामुळे चिवटपणा थोडा कमी येतो, पण लहान मुलांच्या दातांना तेच बरं. अर्धी गव्हाची कणीक घालून पण होतात, पूर्ण कणकेचे मात्र जड होतात, कोंडा तो ताण मधेच कापतो.

आणि एक महत्त्वाची गोष्ट कोणी सांगितली नाही, बटर पेपरचे चौकोन कापून एकेक बेगल एकेका चौकोनावर ठेवायचा. सकाळी फ्रीजमधून काढून कागदासकट पाण्यात सोडायचा, कागद दहा सेकंदात सुटून वर येतो. हाताने उचलून आकार बिघडवायचं कामच नाही. आधी वाडग्यात गार पाणी घेऊन एक टाकून बघा, दहा सेकंदांत तरंगला तर तयार, बुडाला तर अजून वीस मिनिटं बाहेर.

पाववाली_पार्ले
कागदाचं बरोबर, मी पण तसंच करते. ग्लुटेनबद्दल मी ऐकणार नाही, मला बेगल ओढून तोडायला लागला पाहिजे 🙂 दादा दोन्ही करून बघा.

ओटीजीचं राहिलं. छोट्या ओटीजीत वरचा रॉड जवळ असतो आणि फळाची साखर पटकन करपते, म्हणून ट्रे खालच्या खाचेत, २१० वर, वीस मिनिटं आधीपासून तापवून. १८ ते २० मिनिटं लागतात, बाराव्या मिनिटाला रंग जास्त वाटला तर वर फॉइल. तुमच्या वेळेत बसतं बघा: ५:१५ ला ओटीजी आणि पाणी चालू, ५:४० ला उकळायला, ५:४५ ला आत, ६:०५ ला बाहेर, मुलांच्या ताटात येईपर्यंत निवतात. गरम कापू नका, आतून चिकट लागतो.

मुलुंडचा_बाबा
मंडळी, काल रात्री केले, आज सकाळी झाले!! ग्लुटेन नव्हतं म्हणून साधाच मैदा, साडेपाचचा_गजर यांच्यासारखं मधे वीस मिनिटं ठेवून, पाणी २७५. मळताना पहिली पाच मिनिटं वाटलं हे कधीच एकजीव होणार नाही, कडेने कोरडं पीठ उरलेलं, मग एकदम गोळा ताणायला लागला, बोट दाबलं तर परत वर येत होतं, असं आधी एकदाही झालं नव्हतं. बायकोने दादरहून आंबापोळी आणली होती, निम्म्यात ती आणि निम्म्यात तासगावचे बेदाणे. दहा केले, फ्रीजमध्ये ताट बसेना म्हणून दोन ताटांत ठेवले, सकाळी एक पाण्यात टाकला तो बुडाला, वीस मिनिटांनी तरंगला. काकवी मिळाली नाही, पाण्यात गूळ घातला. वरून तपकिरी, भोक शाबूत, सुरकुती एकही नाही. मुलीने आंब्याचे दोन खाल्ले आणि बसमध्ये खायला तिसरा नेला. मुलगा म्हणाला बेदाण्याचा दे, रंग चांगला आहे. वीस मिनिटं थांबल्यामुळे धावपळ झाली, उद्यापासून पाचला उठतो.

पाच उरलेत, हे किती दिवस राहतील? डब्यात ठेवू का?

गिरगावची_माई
शाब्बास. डब्यात ठेवू नकोस बाबा, या दमट हवेत दुसऱ्या दिवशी चामड्यासारखे होतात आणि पावसाळ्यात तर फळाच्या पावाला बुरशी कधी येते कळत पण नाही. पूर्ण गार झाले की आजच मधून कापून दोन दोन पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाक. सकाळी तसेच गोठलेले टोस्टरमध्ये किंवा तव्यावर कापलेली बाजू खाली करून, थोडं लोणी लावून. फणसपोळी मिळाली तर पुढच्या वेळी ती घालून कर आणि मला सांग कशी लागते, मी अजून केलेली नाही.